पुढची कड आधी झिजते

माझ्या आजाराची पहिली तक्रार मी फॉलच्या दुकानदाराकडं केली. साडीच्या खालच्या काठाला आतून जी पट्टी शिवतात तो फॉल. मी शिवणकाम करते, त्यामुळं स्वतःच्या साड्यांना फॉल मीच लावते. तो माझ्या उजव्या पायापुढं वीतभर जागेत महिन्याभरात चिंधी व्हायला लागला होता. बाकीची पट्टी धडधाकट. मी दुकानात जाऊन त्या माणसाला चांगलं झापलं, की असला माल गिऱ्हाइकाला लावला तर आमचं नाव राहील का. त्यानं मुकाट्यानं अख्खं बंडल बदलून दिलं. नव्या बंडलाचंही तेच झालं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. माझा पाय जमिनीवरून पुरता उचलला जात नव्हता, हे कळायला अजून बारा-तेरा वर्षं जायची होती.

आज मी पंचेचाळीसची आहे. हा आजार बरा होत नाही. बरं झाल्यावर लिहू म्हटलं असतं तर कागद कोराच राहिला असता, म्हणून आहे तशीच लिहायला बसले आहे.

आमचं घर लोहाऱ्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढं मालकांची पिठाची गिरणी, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आणि शेजारच्या पडवीत माझी मशीन. माहेर जवळच, माकणीचं. तिथं आई, धाकटा भाऊ शिवलिंग, त्याची बायको शारदा आणि त्यांची मुलगी गौरी. आईला आम्ही अव्वा म्हणतो. वडील, म्हणजे अप्पा, जाऊन बरीच वर्षं झाली. मला एकच मुलगा, बसवराज. तो दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. एवढी माणसं लक्षात ठेवली तरी पुरे.

ज्याचं त्याचं औषध

आधी सगळ्यांनी मणका सांगितला. मग रक्त कमी. मग वात. एका डॉक्टरनं सांगितलं, बाई, तुम्ही पायानं मशीन चालवता म्हणून पाय आखडतात, मशीन सोडा. दुसऱ्यानं सांगितलं, मशीन चालवता म्हणून तर पाय चालतात, अजिबात सोडू नका. मी दोघांचा मान ठेवला. मशीनला मोटर बसवून घेतली.

डॉक्टरांपेक्षा बायकांचे सल्ले जास्त. माप द्यायला आलेली प्रत्येक बाई काहीतरी औषध ठेवून जायची. कुणी मेथीचे दाणे, कुणी निरगुडीचा पाला, कुणी नजरेचा लिंबू. एकीनं तर सांगितलं की तू बसून बसून जड झालीस, रोज तळ्यापर्यंत चालत जा. चालता येत असतं तर मी तिला तिथपर्यंत पोचवून आले असते.

दुखणं कसं असतं हे सांगणं अवघड आहे. सकाळी डोळे उघडले की पाय माझे नसतात, फळ्या असतात. त्यांना हातानं वाकवावं लागतं. मग पोटऱ्यांत पिळा भरतो, धुतलेलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तसा. तो आपल्या मर्जीनं येतो आणि आपल्या मर्जीनं जातो. या पायांच्या बदल्यात कंबर चालते, म्हणून संध्याकाळी कंबर दुखते. पण दुखण्याचं एक बरं असतं. तोंड वाकडं झालेलं समोरच्याला दिसतं.

थकवा दिसत नाही. "दिवसभर बसूनच तर असतीस, दमलीस कशानं?" असं माझ्या जावेनं विचारलं होतं, आणि ती वाईट बाई नाही. काय सांगणार? आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पिंप, हंडे, बादल्या भरायच्या आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायच्या. जी पहिल्याच दिवशी अंगण धुते तिला चौथ्या दिवशी शेजारणीच्या दारात हंडा घेऊन उभं राहावं लागतं. माझ्या अंगातल्या ताकदीचं तसंच आहे, फक्त शेजारणीकडं मागायची सोय नाही.

म्हणून मी दिवस वाटून घ्यायला शिकले. कापड बेतायला उभं राहावं लागतं, ते काम सकाळी पहिलं. ज्या दिवशी बेतायचं त्या दिवशी भाकरी करायच्या नाहीत, मालक खिचडी टाकतात. आंघोळ स्टुलावर बसून. दुपारी एक ते तीन पडवीचं शटर खाली. सुरुवातीला गिऱ्हाइकं चिडली. एक बाई शटर बडवून गेली. आता तिला सवय झाली आहे.

गोळीबद्दलही सांगून ठेवते. आखडलेपणा घालवायची गोळी मिळाली तेव्हा मला वाटलं, झालं, सुटले. पहिल्या आठवड्यात पाय खरंच मऊ झाले, आणि मी मोरीत धाडकन खाली बसले. इतकी वर्षं मी त्या ताठपणावरच उभी होते. तो गेल्यावर उभं राहायला काही उरलंच नाही. मग डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. तेव्हापासून थोडं दुखणं मी स्वतःहून ठेवून घेते, चालण्यापुरतं.

त्या पडण्यानंतर मालकांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, सुरी तापवून तिला मधोमध भोक पाडलं आणि संडासात नेऊन ठेवली. आत गेल्यावर मी त्या खुर्चीवर बसून पोटभर रडले.

सोलापूर

एक्केचाळिसाव्या वर्षी सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पाच दिवस भरती झाले. सकाळी सहाला फिनेलचा पोछा, सातला चहा, आठला चादर बदलायला मावशी, आणि दहाला मोठ्या डॉक्टरांमागून शिकाऊ पोरापोरींची रांग. त्यांच्या हातात छोट्या हातोड्या. गुडघ्याखाली ठोकलं की माझा पाय ताडकन उडायचा, आणि ती पोरं खुश व्हायची. "मला बघू, मला बघू" करत सगळ्यांनी ठोकून बघितलं. एका पोरीनं मात्र जाताना माझ्या पायावर पांघरूण ओढलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

शेवटी रक्त कुठंतरी लांब पाठवलं. रिपोर्ट यायला दोन महिने लागले. आणायला मी आणि अव्वा एसटीनं गेलो. प्रवास असला की मी आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची. या आजारात लघवी थांबवता येत नाही आणि कंडक्टरला सांगायची लाज वाटते. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. नळदुर्गाच्या पुढं माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि अव्वा मला बाटली पुढं करत होती.

डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमचे आईवडील नात्यातले होते का?"

"अप्पा म्हणजे अव्वाचे सख्खे मामा," मी म्हटलं.

आमच्याकडं हे सांगताना कुणी आवाज खाली आणत नाही. मामानं भाची करून घेतली, पोरगी परक्या घरात गेली नाही, सासू म्हणून आजीच मिळाली, याहून चांगलं काय? माझ्या भावानंही मामाचीच मुलगी केली आहे. सीमेकडच्या आमच्या गावांत अशी घरं बोटावर मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत.

डॉक्टरणीनं कागदावर चौकोन आणि गोल काढले. म्हणाली, "अंगातल्या प्रत्येक गोष्टीचा नमुना आपल्याला दोन ठिकाणांहून मिळतो. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक फाटका निघाला तर दुसऱ्यावर भागतं. दोन्ही फाटके आले की असं होतं. आणि दोन्ही नमुने एकाच घरातून आले की ही भीती वाढते." मेंदूकडून पायाकडं निरोप नेणाऱ्या तारा आहेत, त्या माझ्या हळूहळू वाळत चालल्या आहेत. आजाराचं नाव तिनं लिहून दिलं. ते अजून माझ्या तोंडात बसत नाही. पण नमुना म्हटल्यावर मला सगळं कळलं. कागदी नमुनाच फाटका असला तर कापड कितीही भारी घ्या.

"पुढं घरात लग्नं ठरवताना रक्त तपासून घ्या," ती म्हणाली. "निदान नात्यात करू नका."

अव्वा इतका वेळ त्या चौकोनांकडं बघत होती. ती म्हणाली, "म्हंजे आमच्या लग्नामुळं हिला ह्ये झालं?"

"कुणाचा दोष नाही, आजी. तुम्हाला माहीत नव्हतं."

अव्वानं त्यावर मान हलवली नाही. परतीच्या गाडीत तिनं माझा हात धरला. "शिवाला यातलं काय बी सांगू नको. त्यानं बी मामाचीच केलीया. तेची पोरगी उद्या उजवायची हाय. घरात असलं दुखणं हाय म्हणल्यावर तिला कोण दारात उभं करील?"

मी हो म्हटलं. माकणीत सगळ्यांना शिरांचं दुखणं एवढंच सांगितलं. अव्वा रोज सकाळी अप्पांच्या फोटोला विभूती लावायची. त्या दिवसापासून ते काम तिनं सुनेकडं दिलं.

भाऊबीज

त्याला चार वर्षं होत आली. एव्हाना माझ्या हातात काठी आली होती. गेल्या भाऊबीजेला शिवा आला, ओवाळून झालं, आणि ताटासमोरून उठायच्या आधी म्हणाला, "अक्का, बसूसाठी पोरी बघत फिरू नको. गौरी हाय की. मामाची पोरगी, हक्काची. परक्याची सून तुझं करील का? गौरी घरची हाय. तुझं हागणं-मुतणं काढायला बी मागंपुढं बघायची न्हाय."

मी तिथंच रडायला लागले. त्याला वाटलं आनंदानं. आनंदच होता. खोटं कशाला सांगू? दीड वर्षात माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणी तेल लावलं नव्हतं. मालक साठीला आले, बसू सकाळी चारला दुधाला जातो. माझे हात अजून चालतात, पण उद्या चालतील याची हमी कोण देणार? गौरी मला लहानपणापासून आवडते. हसरी, कामसू, जरा लाजरी. बसूलाही ती आवडते हे मला ठाऊक होतं. मला एकदम घर भरलेलं दिसायला लागलं.

डॉक्टरणीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तरी मी भावाला काही बोलले नाही. भाऊबीजेपासून संक्रांतीपर्यंत मी गप्प राहिले. एकदा जेवताना मालकांनी विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणली हुती, शिवाला सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आमच्या दोघांनाही ती पोरगी घरात हवी होती. मठातल्या स्वामींकडून साखरपुड्याचा मुहूर्त काढून आणला. फोनवर अव्वा माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलायची.

वाचणाऱ्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. मी स्वतःला म्हणून घेतलं आहे.

मापाचा ड्रेस

संक्रांत झाल्यावर शारदानं ब्लाऊजची कापडं पाठवली, आणि मापाला म्हणून गौरीचा एक वापरातला सलवार-कुडता. माप घ्यायचा कपडा आला की आम्ही तो उलटा करतो. शिवण आतून वाचायची असते. कुठं सैल केलं, कुठं आवळलं, माणूस कसा उभा राहतो, सगळं आतून कळतं. मी कुडता बघितला, बाजूला ठेवला आणि सलवार उलटी केली.

उजव्या पायाची मोहरी, म्हणजे खालची कड, पुढच्या बाजूनं वीतभर झिजून जाळी झाली होती. डावी शाबूत.

मी बराच वेळ ती मोहरी बोटावर ताणून धरली. मग दोन दिवस स्वतःला समजावत राहिले, की कापडच हलकं असेल, सायकलच्या साखळीत गेली असेल. तिसऱ्या दिवशी माकणीला शारदाला फोन केला. म्हटलं, लग्नातला ब्लाऊज आहे, मापावर भागायचं नाही, अंगावरच माप घ्यावं लागेल, पोरीला पाठवून दे.

गौरी सकाळच्या गाडीनं आली. मी स्टुलावर बसून तिला समोर उभी केली. खांदा घेतला, पाठ घेतली. छातीचं माप घ्यायला म्हटलं, "दोन्ही हात वर कर." तिनं हात वर केले आणि ती तशीच मागं कलली. तिनं मशीनचा कोपरा पकडला. मी टेप खाली टाकली आणि तिची पोटरी चाचपली. लाकूड.

"कधीपासून?"

"काय, आत्या?"

"मला विचारतीस होय काय म्हणून?"

ती खाली बसली. "बारावीत होते तवापासून. सतरावं हुतं, आता एकविसावं. आधी वाटलं चप्पलच वाईट हाय."

"घरात कुणाला ठाऊक हाय?"

"पप्पांना. आईला न्हाय."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. "शिवाला ठाऊक हाय? ठाऊक असून त्यानं बसूसाठी विचारलं?"

गौरी टेप गुंडाळत बसली. म्हणाली, "पप्पा म्हणले, दुसरीकडं दिली तर वर्षभरात परत आणून सोडतील. आत्याच्या घरात तुला कोण नावं ठेवणार न्हाय. तिला कळतं काय असतं ते."

"आणि तू हो म्हणलीस."

"म्या बी तोच इचार केला. तुमी कसं उठता, कसं बसता, म्या लहानपणापासून बघते. तुमच्यापाशी राहिले तर शिकंन तरी."

मी दोन महिने माझं करायला येणाऱ्या सुनेची वाट बघत होते, आणि भाऊ आपल्या लेकीला सांभाळणारं घर शोधत होता. मला राग यायला पाहिजे होता. पण कुठल्या तोंडानं येणार? जे त्यानं माझ्यापासून लपवलं तेच मी त्याच्यापासून लपवलं होतं. दोघं एकाच आईबापाचे.

त्या दिवशी मी तिचं माप पुरतं घेतलंच नाही.

ओसरीवर

पुढच्या रविवारी आम्ही तिघं माकणीला गेलो. साखरपुड्याची बोलणी म्हणून ओसरीवर सतरंजी टाकली होती, शारदानं पोहे केले होते. मी पोह्यांना हात लावायच्या आधी सगळं सांगून टाकलं. फाटका नमुना, चौकोन, गोल, मामा-भाची, सगळं. माझ्याकडून बसूत एक फाटका नमुना गेलेलाच आहे. गौरीत दोन्ही आले असणार, तपासलं तर कळेलच. या दोघांना पोरं झाली तर दोनात एक माझ्यासारखं निघायची भीती.

शारदाला काहीच ठाऊक नव्हतं. ती पोह्यांची ताटली हातात धरून उभी होती. मी बोलायची थांबले तेव्हा ती लेकीकडं वळली आणि म्हणाली, "चालून दाखव."

पोरगी बघायला पाहुणे आले की म्हणतात ना, चालून दाखवा, तसंच. गौरीनं बापाकडं बघितलं. मग उठली, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. आम्ही सगळे तिच्या उजव्या पायाकडं बघत होतो. वळताना तिनं खांबाला हात लावला. परत आली आणि जागेवर बसली. शारदानं ताटली खाली ठेवली आणि आत निघून गेली.

"तू आधी का सांगितलं न्हाईस, अक्का?" शिवा म्हणाला. "चार वर्षं."

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"म्या सांगू दिलं न्हाय तिला," अव्वा कोपऱ्यातून म्हणाली. "मला बोल काय बोलायचं ते."

शिवा तिला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो गोठ्याकडं निघून गेला आणि आम्ही निघेपर्यंत आला नाही.

बसूनं तोंड उघडलं. "म्या करतो तरी लग्न. पोरं नको असली तर नको."

मी काही बोलायच्या आत गौरी म्हणाली, "म्या न्हाय करत. आत्ताच आत्यापायी तुझी झोप उडालीया. उद्या दोघींचं एकटा किती दिवस करशील?" तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी नको म्हणावं तसा. बसू मान खाली घालून बसला.

त्यानंतर

सोलापूरला गौरीला मीच घेऊन गेले. रिपोर्ट माझ्यासारखाच आला.

शिवा त्यानंतर माझ्या दारात आलेला नाही. शारदा बोलते, पण तिच्या बोलण्यात एक कुसळ असतं, की ओसरीवर सगळ्यांपुढं सांगायची काय गरज होती, मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तिचं खरं आहे. मला धीर एकदाच आला आणि तो नेमका तिथं आला. गावात बातमी फुटायला दोन दिवसही लागले नाहीत. बसूसाठी आलेली दोन स्थळं चौकशी करून गप्प झाली. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. ते मला जास्त लागतं. अव्वा आता दोन वेळचं जेवत नाही, एकदाच जेवते, आणि विचारलं तर भूक नाही म्हणते.

खरं सांगून सगळं सुरळीत होतं असं मी लिहिणार नाही. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. पण न सांगता झालेलं लग्न, आणि पाच-सात वर्षांनी एखाद्या लहान पोराच्या चड्डीची झिजलेली कड माझ्याच हातात येणं, याच्यापुढं हे सोपं आहे. बहुतेक दिवशी मला असं वाटतं. काही दिवशी वाटत नाही.

आठवड्यातून तीन दिवस गौरी सकाळच्या गाडीनं येते, शिवण शिकायला. शिवा तिला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडतो, एवढं त्यानं थांबवलेलं नाही. मी तिला शिवणापेक्षा बाकीचंच जास्त शिकवते. उठायच्या आधी टाचा ओढून घे. बेतायचं काम सकाळी. दुपारी पड, कुणी काही म्हणो. पाणी तोडू नकोस, मी तोडलं आणि मूतखड्याचं दुखणं ओढवून घेतलं. लाज सोड, कंडक्टरला सांग, तोही आईच्याच पोटचा असतो. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कंडक्टरनं गाडी थांबवली आणि गाडीतल्या चार बायका तिच्यासोबत उतरल्या. त्यांनाही लागली होती. हे सांगताना ती पोट धरून हसली. मीही हसले. असे दिवस येतात.

परवा ती माझ्यासमोर बसून काजं करत होती. हात चांगला बसला आहे तिचा, टाका बारीक येतो. मान वर न करता म्हणाली, "आत्या, एक इचारू? तुमी काठी न घेता किती वर्षं चाललात?"

प्रत्येकाचं वेगळं असतं, असं डॉक्टरीण सांगते, आणि ते खरंही आहे. तेच सांगून मला सुटता आलं असतं. पण या घरात पुष्कळ सांगायचं राहून गेलं होतं.

"फॉल झिजायला लागल्यापासून चौदा," मी म्हटलं.

तिची सुई थांबली. ओठ हलले. "मंग मला सतराव्यापासून धरायचं."

"व्हय."

"म्हंजे एकतीस. आजून दहा ऱ्हायली." तिनं दोरा दातानं तोडला, काज बोटानं सपाट केलं आणि पुढचं घेतलं. "दहा लई झाली की, आत्या."